सोबती म्हणजे अशी व्यक्ती

हे खुर्चीवरून उठले तेव्हा मला वाटलं, पाय आखडला असेल. त्या सभागृहातल्या खुर्च्याच तशा होत्या, बसणाऱ्याने लवकर कंटाळून घरी जावं म्हणून केल्यासारख्या. मी मांडीवरची पिशवी छातीशी ओढून यांना वाट करून दिली. पण हे बाहेर गेले नाहीत. मधल्या वाटेत लोकांना बोलण्यासाठी एक माईक उभा केला होता, तिथे गेले, त्याची मान जरा खाली वाकवली आणि म्हणाले, "मी सोबती आहे. म्हणजे तुमच्या त्या कलमातला. त्यातल्या एका शब्दाला माझी हरकत आहे." याच्या क्षणभर आधी मी हसत होते. का हसत होते ते सांगायला हवं, कारण त्यानंतर माझं असं बिनधोक हसणं बरेच दिवस झालं नाही.

सरकारच्या खर्चाने मानसिक आजारांच्या ज्या सेवा चालतात, त्यांचे नवे नियम व्हायचे होते. नियमांच्या आधी व्याख्या ठरतात, आणि त्या व्याख्यांबद्दल लोकांनी काय ते बोलावं म्हणून ही सुनावणी होती. वीज कंपनीतली मीटर तपासायची नोकरी सुटल्यापासून हे अशाच एका सरकारी केंद्रात सोबती म्हणून काम करत होते. सोबती म्हणजे काय करतात, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, पेशंटजवळ बसतात, दोन शब्द बोलतात, हात धरून डॉक्टरच्या खोलीपर्यंत नेतात. आमच्या यांना शोभेल असंच काम. सकाळी चपला घालता घालता हे म्हणाले होते, "आज सुनावणी आहे. येतेस का?" मी म्हटलं, "मी येऊन काय करू?" तर म्हणाले, "काही नको करू. नुसती बस." मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यांवरून आमच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवतो. एका म्हातारबुवांचा खालचा जबडा मेणात अर्धवट राहिला होता, तो ओल्या फडक्याखाली ठेवून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. म्हटलं, एवढं बोलावताहेत तर जाऊ.

व्यासपीठावर एक तरुण अधिकारी बाई बसली होती. तिला सर्दी झाली होती. प्रत्येक व्याख्येनंतर ती नाक पुसायची आणि मग "कोणाला काही म्हणायचं आहे?" असं विचारायची. 'सेवा' म्हणजे काय, 'संकट' म्हणजे काय. मग 'कुटुंबीय' आलं. "कुटुंबीय म्हणजे, सेवा घेणाऱ्या व्यक्तीच्या आजाराची ज्यांना माहिती आहे आणि जे तिच्या देखभालीत सहभागी आहेत, असे नातेवाईक किंवा इतर कोणीही." मी यांच्या कानाशी लागून म्हटलं, "म्हणजे शेजारीण कुटुंबीय आणि सख्खा भाऊ परका!" हे हसले नाहीत. गुडघ्यावर तळहात पालथे ठेवून सरळ बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे. त्यानंतर तिने वाचलं, "सोबती म्हणजे अशी व्यक्ती, जिने स्वतः मानसिक आजारावर उपचार घेतलेले आहेत, जी आता बरी झालेली आहे, आणि जी आपला तो अनुभव इतरांच्या मदतीसाठी वापरते." मला हसू फुटलं ते इथे. सरकारी कारभार! ज्या माणसाला कधी मेला डोकेदुखीचा बाम लागला नाही, त्यालाच नेमकं बाहेर काढलं. मी यांना कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "अहो, यांनी तर तुमचा पत्ताच कापला की!" आणि हे उठले.

बोलत होते ते अगदी घरच्या आवाजात. नळ गळतोय, प्लंबरला सांगायला हवं, असं सांगायचा जो आवाज असतो ना, त्या आवाजात. "तुम्ही लिहिलंय, बरी झालेली. मी बरा झालेलो नाही. मी रोज गोळ्या घेतो. गेल्या वर्षी माझं पुन्हा बिघडलं, तेव्हा आमच्याच केंद्रात वरच्या मजल्यावर दाखल होतो. सावरल्यावर खालच्या मजल्यावर कामाला आलो. तुमच्या व्याख्येत मी बसत नाही. माझ्यासारखे आणखी आहेत, तेही बसत नाहीत. हा शब्द ठेवलात तर आम्ही दोनच गोष्टी करू शकतो. काम सोडायचं, नाही तर खोटं बोलायचं. आता खोटं बोलणं मला काही जड नाही. मी त्यात पटाईत आहे. हवं तर माझ्या घरी विचारा." लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, मायेचंच होतं. घर तिथेच तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलं होतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

अधिकारी बाई हसली नाही. तिने विचारलं, "मग 'बरी झालेली'च्या जागी काय लिहायचं?" हे पुन्हा माईककडे वाकले. "ते मला सुचलेलं नाही," म्हणाले. मला दिसत होती ती यांची पाठ. सकाळी मी इस्त्री केलेल्या शर्टावर खुर्चीच्या पट्ट्यांचे आडवे ठसे उमटले होते. मी ते ठसे बघत राहिले. कवळीचं माप घेताना पेशंटच्या तोंडात एक लगदा भरतात आणि सांगतात, घट्ट होईपर्यंत बोलू नका, नाकाने श्वास घ्या. काही लोक घाबरतात, हातपाय झाडतात. बहुतेक जण डोळे मोठे करून छताकडे बघत नाकाने श्वास घेतात. तशी मी बसले होते. शब्द कानावर पडलेले होते, एकूण एक कळलेले होते, पण ते ज्याच्याबद्दल होते तो माणूस मला सापडत नव्हता. गोळ्या? गोळ्या तर रक्तदाबाच्या. रात्रीच्या जेवणानंतर पाकिटातून गोळी काढून यांच्या तळहातावर ठेवायचे ती मीच. रक्तदाब म्हणून मीठ कमी केलं होतं. नुसतं कमी नाही, जवळजवळ बंदच. पाहुणे आमच्याकडे जेवायला बसले की डब्यातलं मीठ शोधायचे आणि हे माझी बाजू घ्यायचे, "सवय झाली की चांगलं लागतं." नसलेल्या रक्तदाबासाठी हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या हातचं अळणी मुकाट्याने गिळत होता. आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी हे प्रशिक्षणाला गेले होते. मी बॅग भरली होती, तिकडे गारठा असेल म्हणून वर स्वेटर ठेवला होता. रोज संध्याकाळी फोन यायचा. मी विचारायचे, "तिकडे हवा कशी आहे?" हे सांगायचे, "ढग आहेत." आणि मी खिडकीतून बाहेर बघून म्हणायचे, "इकडेही." आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्या केंद्राच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. ती टाकी बघत मी रोज डबा खाल्ला.

मग एकेक आठवण येत गेली. एखादी उसवलेली शिवण हाताने ओढत न्यावी आणि ती कुठे थांबतच नाही असं कळावं, तसं झालं. लेक लहान असताना कंपनीने यांना दुसऱ्या गावी लाइनच्या कामावर पाठवलं होतं. की नव्हतं? तेव्हा सासूबाई आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या आणि दर रविवारी दुपारी एका मैत्रिणीकडे जायच्या, येताना डोळे सुजलेले असायचे. मी समजायचे, दोघी जुन्या गोष्टी काढून रडत असतील. शेवटच्या आजारपणात त्या माझं मनगट धरून म्हणाल्या होत्या, "त्याला एकटा ठेवू नको गं." मी म्हटलं होतं, "अहो आई, ते काय कुक्कुलं बाळ आहेत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं मला तिथे, त्या सभागृहात, इतक्या वर्षांनी पोचलं. आणि दात! यांचे दात झिजतात. झोपेत कराकरा दात खातात, म्हणून मीच यांच्या मापाची पट्टी घडवली होती, रात्री दातांवर बसवायची. त्या वेळी यांचा साचा मी हातात धरून पाहिला होता. दाढा घासून घासून सपाट झालेल्या. कवळ्यांच्या धंद्यात राहून माणूस न बघता मला त्याच्या दाढांवरून त्याच्याबद्दल बरंच कळतं, अशी माझी घमेंड. आमच्या डॉक्टरांनी साचा बघून विचारलं होतं, "कसली काळजी आहे का हो यांना?" आणि मी म्हटलं होतं, "आमच्या यांना? जगबुडी आली तरी चहा मागतील." सगळी प्रयोगशाळा हसली होती.

पुढची व्याख्या सुरू झाली तशी मी उठले. हे परत येऊन शेजारी बसण्याआधी मला तिथून निघायचं होतं. बाहेर लांबलचक व्हरांडा होता, त्याच्या टोकाला हात धुवायचं बेसिन. मी नळ सोडला आणि हात धुतले नाहीत, नुसती पाण्याकडे बघत राहिले. पाठीमागून कोणीतरी हात घालून नळ बंद केला. माझ्यापेक्षा वीतभर उंच, रुंद खांद्यांची एक बाई होती. "ताई, बसा जरा," म्हणाली. तिने मला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. "तुम्ही आमच्या सोबतींच्या घरच्या ना? म्हणाले होते, आज तिला आणतोय म्हणून. मी शहरातली बस चालवते. मधे एक अपघात झाला, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा, डोळ्यांसमोर अंधारी. यांनी मला डेपोत नेलं. उभ्या बसमध्ये मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायची आणि हे सगळ्यात मागच्या सीटवर. बोलायचे नाहीत काही. असे कितीतरी दिवस. एके दिवशी मी चावी फिरवली, तर मागून म्हणाले, पुढच्या स्टॉपला उतरायचंय हां." ती हसली. मग माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "म्हणजे तो साबण आणायला सांगणाऱ्या त्या तुम्हीच!"

"कसला साबण?" मी विचारलं.

तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण मागून विझलं. "तुम्हाला... घरी बोलले असतील ना ते?"

"मला आत्ता कळलं. माईकवर बोलले तेव्हा."

"आई गं!" ती पुटपुटली. उठायला लागली. मी तिचा हात धरला. "सांगा," म्हटलं. "ताई, ते त्यांनीच सांगायला हवं." "सांगा हो." माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडून जाणारा शिपाई थबकला. मग तिने सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा हे सकाळी कामावर जातो म्हणून निघाले होते. कामावर जायचं नव्हतं. परत यायचंच नव्हतं. जिन्याच्या वळणावर पोचले असतील, तेवढ्यात मी वरून ओरडले, अहो, येताना कपड्यांचा साबण आणा! "ते म्हणतात, दिवसभर भटकलो, आणि जिथे जाईन तिथे तो साबण आडवा. आता हिला 'नाही आणला' असं कोण सांगणार! संध्याकाळी साबण घेऊन घरी गेले. तर तुम्ही म्हणे ओरडलात, हा नाही, तो निळ्या कागदातला!" तिला पुन्हा हसू आलं, तिने ते तळहाताने पुसलं. "दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. आमच्या गटात नवीन माणूस आला की हे सांगतात. मी पाच-सहादा ऐकलंय. प्रत्येक वेळी शेवटी टाळ्या पडतात. तुमच्यासाठी, ताई."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मी कोणत्या खोलीत होते, अंगावर काय होतं, लेक शाळेत गेली होती की तापाने पडली होती, काहीच नाही. जिन्यातून मी आयुष्यभर ओरडत आले आहे. दूध आणा, पावाचं बघा, छत्री विसरलात. त्यातली एक हाक वेगळी होती, आणि ती मारताना मला कळलंही नव्हतं. मी पिशवीत तोंड खुपसलं. त्या बाईला वाटलं असेल मला गहिवरून आलं. गहिवर नव्हता तो. मी वस्तू संपायच्या आधी आणून ठेवणारी बाई. साबण, काडेपेटी, मेणबत्ती, माझ्याकडे कायम एक जास्तीची. त्या दिवशी न्हाणीघराच्या फळीवर एखादी वडी मागे सरकून पडली असती आणि माझा हात तिला लागला असता तर? मी हाक मारली नसती. दार लावून घेतलं असतं. त्यानंतरचं सगळं, लेकीचं मोठं होणं, नवं घर, आम्ही दोघांनी मिळून रंगवलेली बाल्कनी, माझं तोंडभरून 'आमचे हे' म्हणणं, हे सगळं फळीवरच्या एका रिकाम्या जागेवर उभं होतं, आणि त्यावर मी इतकी वर्षं धपाधपा चालत होते. खाली काही नाही हे कळल्यावर आता पाय कुठे ठेवायचा? आतून त्या अधिकारी बाईचा नाक ओढत वाचण्याचा आवाज येत होता. आजाराची ज्यांना माहिती आहे आणि जे देखभालीत सहभागी आहेत. ही बस चालवणारी बाई यांची कुटुंबीय होती. त्या गटात येऊन टाळ्या वाजवून गेलेला प्रत्येक जण होता. मी कोण होते?

हे बाहेर आले तेव्हा ती उठून निघून गेली. जाताना तिने यांच्याकडे पाहून फक्त मान हलवली. हे माझ्यासमोर उभे राहिले, मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा.

"चिडलीस?"

"लेकीला माहीत आहे?"

"नाही. आईला होतं. आणि केंद्रात."

"घरी नाही सांगता आलं? चारचौघांत, माईकवर सांगायचं?"

"घरी तोंड उघडायचं नाही," हे म्हणाले. "रोज सकाळी ठरवायचो. दाढी करताना आरशात बोलून बघायचो. बाहेर आलो की तू काहीतरी म्हणायचीस, आणि राहून जायचं. मग म्हटलं, लोकांसमोर सुरुवात केली की मागे फिरता येणार नाही. तुला नाही, मला." मग म्हणाले, "तू लोकांना सांगायचीस ना, जगबुडी आली तरी चहा मागतील. मला ते फार आवडायचं. तू शेजारणीशी बोलत असलीस की मी दाराआड उभा राहून ऐकायचो. तो माणूस दुसरीकडे कुठेच नव्हता गं. फक्त तुझ्या बोलण्यात होता. सांगितलं असतं तर तोही गेला असता."

"तो मलाही आवडायचा," मी म्हटलं.

सभागृहाचं दार उघडझाप करत होतं, कोणी फोनवर बोलत बाहेर येत होतं, कोणी पाणी पिऊन आत जात होतं. पुढे काही महिन्यांनी ते नियम छापून आले, त्यात 'बरी झालेली' हे शब्द नव्हते. 'आपला आजार सांभाळत असलेली' असं होतं. ते त्या सर्दीवाल्या बाईने स्वतः घातलं, असं यांच्याकडून कळलं. यांचं काम टिकलं, बाकीच्यांचंही. पण त्या दिवशी त्या बाकावर मला व्याख्येचं काही सोयरसुतक नव्हतं. मला एकच विचारायचं होतं, आणि तोंडातला लगदा एव्हाना घट्ट झाला होता, तो उपसून काढल्यासारखा मी प्रश्न काढला. "त्या दिवशी घरात साबण असता तर?"

हे पुढे वाकून बसले. हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, एक दीर्घ श्वास घेतला आणि सुरुवात केली, "तो दिवस कसा होता, सांगतो. सकाळी ऊन चांगलं होतं. मी बूट घातले. बुटाची नाडी बांधताना मला वाटलं, ही नाडी आता..." आवाज खाली गेला, थांबला, पुन्हा वर आला. थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या. समोरच्यांनी श्वास रोखावा म्हणून सोडलेल्या. कितीतरी अनोळखी लोकांपुढे सांगून सांगून ती गोष्ट यांच्या तोंडात घोटीव झाली होती, चांगल्या कवळीसारखी. कुठे टोचत नव्हती.

"असं नको," मी म्हटलं. "तिथे सांगता तसं मला नको."

हे थांबले. तोंड अर्धवट उघडं. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "दुसऱ्या तऱ्हेने मला येत नाही," म्हणाले. पुन्हा सुरुवात करायला गेले, "सकाळी..." आणि तिथेच अडले. ओठ हलत होते, शब्द नव्हता. गुंतवलेली बोटं सुटली आणि उजवा हात हलायला लागला. डाव्या हाताने तो दाबून धरायला गेले, तर दोन्ही हलायला लागले. हातांचं असं हलणं मी कधी पाहिलं नव्हतं. यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं, न्हाणीघरात, गच्चीवर, प्रशिक्षणाला जाऊन. माझ्या नवऱ्याच्या अंगात हा माणूस इतकी वर्षं राहत होता, आणि आमची गाठ अजून पडायची होती.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

"कशाची?"

"आता घरी जायची."

मी मधल्या जागेवर सरकले. त्याचे हात धरले नाहीत, ते माझ्याच्याने झालं नसतं. पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडे तोंड करून बसले.

"बोल," मी म्हटलं.

त्याने चमकून वर पाहिलं. लग्न झाल्यापासून मी त्याला कधी 'बोल' म्हटलं नव्हतं.